आधी वायर टाका, रिसीव्हर शेवटी घ्या: होम थिएटर आणि बाकीच्या खोल्यांतले स्पीकर

कोणता रिसीव्हर घेऊ असं कोणी विचारलं की मी आधी उलटं विचारतो, किती खोल्यांत आवाज हवाय, आणि त्या खोल्यांत एकाच वेळी वेगवेगळं ऐकायचंय की सगळीकडे एकच गाणं वाजलं तरी चालेल? इथे बहुतेक लोक गप्प होतात, कारण मॉडेल नंबर, वॅट, डॉल्बी अमुक आणि डीटीएस तमुक सगळं पाठ असतं, पण घराचा नकाशा समोर घेऊन कुठे बसणार, स्पीकर कुठे लागणार, वायर कुठून जाणार हे कागदावर काढलेलंच नसतं. आणि खरी डोकेदुखी तिथेच आहे. रिसीव्हर आज घेतला तर काही वर्षांनी जुना होणारच, नवीन एचडीएमआय आलं की बदलावासा वाटणारच, पण भिंतीत गेलेली वायर प्लास्टर फोडल्याशिवाय बदलता येत नाही. म्हणून क्रम उलटा धरा, आधी खोल्या, मग स्पीकर, मग वायर, आणि डबा सगळ्यात शेवटी.

तरीपण हा डबा नक्की करतो काय ते आधी कळलं तर पुढचं सोपं जातं. एव्ही रिसीव्हरमध्ये चार कामं एकत्र कोंबलेली असतात. कन्सोल, ब्लू-रे प्लेयर, स्ट्रीमिंगचा डबा या सगळ्यांच्या एचडीएमआय केबल त्यात येतात आणि एकच टीव्हीकडे जाते, म्हणजे तो एक स्विच आहे. मग आलेला डिजिटल आवाज उलगडून कुठला भाग कुठल्या स्पीकरला द्यायचा ते तो ठरवतो, म्हणजे डीकोडर. तिसरं काम खोलीप्रमाणे आवाज दुरुस्त करण्याचं. आणि चौथं म्हणजे प्रत्येक स्पीकरला एक याप्रमाणे पाच, सात किंवा नऊ अँप्लिफायर. आता बघा, बेडरूममध्ये नुसती गाणी ऐकायची असतील तर पहिल्या तीन कामांची तिथे काही गरज नाही, फक्त शेवटचं लागतं, आणि तेसुद्धा दोनच चॅनेलचं. एवढी एक गोष्ट डोक्यात पक्की बसली की अर्धे चुकीचे निर्णय टळतात.

आकड्यांचं आधी उरकून घेऊ. ५.१ म्हणजे पाच स्पीकर आणि एक सबवूफर, म्हणजे फक्त जड आवाजाचा मोठा स्पीकर: पुढे डावा-उजवा, मध्ये सेंटर, आणि बाजूला किंचित मागे दोन सराउंड. ७.१ मध्ये पाठीमागे आणखी दोन. ५.१.२ मधला शेवटचा २ म्हणजे छतातले किंवा उंचावरचे स्पीकर, हे डॉल्बी अ‍ॅटमॉसमुळे आलं, म्हणजे डोक्यावरूनही आवाज देणाऱ्या डॉल्बीच्या पद्धतीमुळे, थिएटरमध्ये २०१२ ला आणि घरच्या रिसीव्हरमध्ये २०१४ ला. खोली लहान असेल, सोफा मागच्या भिंतीला टेकलेला असेल, तर ७.१ च्या मागच्या दोन स्पीकरना जागाच नसते, ते कानाच्या मागे चिकटून ओरडत बसतात, त्यापेक्षा तेच दोन चॅनेल छताला दिलेले बरे. सेंटर स्पीकरवर मात्र कंजूषी करू नका, सिनेमातले जवळपास सगळे संवाद तिथून येतात, आणि "आवाज मोठा आहे पण बोलणं कळत नाही" ही जी तक्रार असते ती बऱ्याचदा टीव्हीखाली कपाटात कोंबलेल्या छोट्या सेंटरची असते.

वॅट. याच्यावर इतकी मारामारी होते आणि खरं तर एवढं काही नसतं त्यात. एक नियम लक्षात ठेवा, वॅट दुप्पट केले की आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो, आणि कानाला आवाज साधारण दुप्पट वाटायला १० डेसिबल म्हणजे दहापट वॅट लागतात. म्हणजे ८० वॅटचा रिसीव्हर आणि १०० वॅटचा रिसीव्हर यांच्यात फरक जेमतेम १ डेसिबलचा, जो ऐकू येईल न येईल. याउलट स्पीकरची सेन्सिटिव्हिटी बघा, म्हणजे ठराविक वॅटमध्ये तो किती मोठा आवाज देतो ते, ती स्पीकरच्या माहितीपत्रकात डेसिबलमध्ये दिलेली असते, ८७ चा स्पीकर आणि ९० चा स्पीकर यांत तो दुसरा निम्म्या वॅटमध्ये तेवढाच आवाज देतो. म्हणजे अँप्लिफायरचे वॅट दुप्पट करून जे मिळतं ते योग्य स्पीकर निवडून फुकटात मिळतं.

आणि वॅट छापताना कंपन्या काय काय करतात तेही वाचायला शिका. "८ ओहम, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ, दोन चॅनेल चालू, डिस्टॉर्शन ०.०८ टक्के" असं लिहिलं असेल तर तो आकडा बऱ्यापैकी प्रामाणिक (डिस्टॉर्शन म्हणजे आवाज किती बिघडला ते, ओहमचं पुढे सांगतो). "६ ओहम, १ किलोहर्ट्झ, एक चॅनेल चालू, डिस्टॉर्शन १० टक्के" असेल तर तोच रिसीव्हर दुप्पट ताकदवान असल्यासारखा दिसतो, कारण एकाच स्वरावर, एकाच चॅनेलवर, आवाज फाटेपर्यंत ताणून मोजलंय. सातही चॅनेल एकदम पूर्ण ताकदीने चालवले तर बहुतेक रिसीव्हर त्यातले निम्मेही वॅट देत नाहीत, पॉवर सप्लाय एकच असतो ना. सिनेमात सगळे स्पीकर एकदम पूर्ण जोरात क्वचितच वाजतात म्हणून हे खपून जातं. पण याच एका पॉवर सप्लायवर आणखी दोन खोल्या लादायच्या असतील तर मग त्याचा विचार करावा लागतो, त्याच्याकडे येतोच.

एचडीएमआयचं थोडक्यात सांगतो कारण हे दर काही वर्षांनी बदलतं. दोन गोष्टी बघा. पहिली ईएआरसी. टीव्हीतल्याच अ‍ॅपवर तुम्ही सिनेमा बघताय तर आवाज टीव्हीतून उलटा रिसीव्हरकडे यायला हवा, ते काम एआरसी करतं, २००९ च्या एचडीएमआय १.४ पासून आहे, पण त्यातून दाबलेला म्हणजे कॉम्प्रेस केलेला सराउंडच येतो. २०१७ च्या एचडीएमआय २.१ बरोबर ईएआरसी आलं, त्यातून ब्लू-रेवरचा पूर्ण आवाज, डॉल्बी ट्रूएचडी वगैरे, काही न गाळता येतो. ते टीव्ही आणि रिसीव्हर दोन्हीत लागतं, एकात असून उपयोग नाही. दुसरी गोष्ट गेमिंगवाल्यांसाठी, ४के १२० हर्ट्झ हवं असेल तर रिसीव्हरच्या किती पोर्टला ते चालतं ते मोजा, डब्यावर २.१ लिहिलंय म्हणून सगळे पोर्ट तसे असतीलच असं नाही, काहींमध्ये एकच असतो, आणि पोर्टचा वेगही काहींमध्ये सेकंदाला ४० गिगाबिट, काहींमध्ये २४. पण माझं मत विचाराल तर यासाठी महागडा रिसीव्हर घेऊ नका, कन्सोल सरळ टीव्हीला लावा आणि आवाज ईएआरसीने रिसीव्हरकडे आणा, टीव्हीत चांगले पोर्ट असले की झालं.

खोली दुरुस्त करणारं जे सॉफ्टवेअर असतं, डेनॉन-मरांट्झमध्ये ऑडिसी, यामाहात वायपीएओ, ओंकियो-पायोनियरच्या आणि इतरही काही मॉडेलमध्ये डिरॅक, त्यावर जास्त पैसे गेले तरी मला ते पटतं, वॅटवर जाण्यापेक्षा नक्कीच. सोबत एक माइक येतो, तो बसल्यावर कान जिथे येतो त्या उंचीवर ठेवायचा, पहिलं मोजमाप मुख्य सीटवर आणि मग आजूबाजूला थोडं थोडं सरकवत. माइक सोफ्याच्या पाठीवर टेकवू नका, ट्रायपॉडवर ठेवा, आणि पंखे बंद. मोजून झालं की एकदा सेटिंगमध्ये जाऊन बघा, सबवूफरचं अंतर खऱ्यापेक्षा जास्त दाखवत असेल तर घाबरू नका, सबच्या आत जो उशीर होतो तो ते अंतर म्हणून धरतं, ते तसंच ठेवा. स्पीकरला मात्र त्याने "लार्ज" केलं असेल, म्हणजे जड आवाजही त्यालाच दिला असेल, आणि घरात सबवूफर असेल तर "स्मॉल" करून क्रॉसओव्हर ८० हर्ट्झवर न्या. ८० च्या खालचा जड आवाज सबकडे गेला की बाकीच्या अँप्लिफायरवरचा भार उतरतो, कारण जास्तीत जास्त वॅट खाणारा तोच भाग.

आता दुसऱ्या खोल्या. इथे लोक तीन गोष्टींची गल्लत करतात.

रिसीव्हरच्या मागे स्पीकर ए आणि स्पीकर बी असं लिहिलेलं असेल तर ती दुसरी झोन नव्हे. ए आणि बी ला तेच गाणं, त्याच व्हॉल्यूमवर जातं, हॉलमध्ये आवाज कमी केला की बेडरूममध्येही कमी. झोन २ म्हणजे वेगळा सोर्स, वेगळा व्हॉल्यूम, वेगळं चालू-बंद. हॉलमध्ये मॅच चालू आहे आणि आत कोणी गाणी ऐकतंय हे झोन २ शिवाय होत नाही. त्यातही दोन प्रकार, पॉवर्ड झोन २ म्हणजे रिसीव्हरच्याच अँप्लिफायरमधले दोन चॅनेल त्या खोलीला देणार, स्पीकरची वायर थेट जोडायची, आणि प्री-आउट झोन २ म्हणजे फक्त सिग्नल बाहेर देणार, त्याला अँप्लिफायर तुम्ही वेगळा आणायचा.

पॉवर्ड झोन घेतलात तर ते दोन चॅनेल कुठूनतरी येणारच ना, सात चॅनेलच्या रिसीव्हरमधले दोन झोन २ ला दिले की मुख्य खोलीत ५.१ उरतं, मागचे किंवा छतातले दोन स्पीकर बंद. काही मॉडेल हे आपोआप करतात, झोन चालू केली की छत गप्प, बंद केली की परत सुरू, आणि मग घरातले म्हणतात अ‍ॅटमॉस कधी चालतं कधी नाही, बिघडलंय बहुतेक. म्हणून घरात ५.१.२ हवं असेल आणि शिवाय एक पॉवर्ड झोन, तर नऊ चॅनेलचा रिसीव्हर बघावा लागतो. इथे आणखी एक बारकावा, काही रिसीव्हर ११ चॅनेलचं प्रोसेसिंग करतात पण आत अँप्लिफायर नऊच असतात, उरलेल्या दोघांसाठी बाहेरून जोडावा लागतो. माहितीपत्रकात अँप्लिफायर किती आणि प्रोसेसिंग किती हे दोन आकडे वेगळे शोधा.

आणि झोन २ मधली सगळ्यात चीड आणणारी भानगड म्हणजे सोर्सची. स्वस्त आणि जुन्या रिसीव्हरमध्ये झोन २ ला फक्त अ‍ॅनालॉग इनपुट आणि रिसीव्हरचं स्वतःचं ब्लूटूथ-नेटवर्क-रेडिओ एवढंच जातं, एचडीएमआयने आलेला आवाज जातच नाही, म्हणजे सेट-टॉप बॉक्सवरचं काही किचनमध्ये ऐकायचं म्हटलं तर शांतता. बरे मॉडेल एचडीएमआयचा सराउंड दोन चॅनेलमध्ये उतरवून झोन २ ला देतात. टीव्हीतून एआरसीने आलेला आवाज झोनला जातो की नाही हे तर आणखी वेगळं प्रकरण. विकत घ्यायच्या आधी मॅन्युअल उतरवून घ्या आणि झोन २ चं पान वाचा, पुढच्या पानांवरची जाहिरात नाही वाचली तरी चालेल.

हे झालं एका जास्तीच्या खोलीचं. तीन-चार खोल्या झाल्या की मग लोकांना सुचतं की झोन २ च्या त्याच टर्मिनलवर सगळे स्पीकर जोडून टाकू, आणि इथे रिसीव्हर मरतात. हे जरा नीट समजून घ्या, गणित शाळेतलंच आहे.

स्पीकरवर ८ ओहम, ६ ओहम असं लिहिलेलं असतं, तो त्याचा इम्पीडन्स, म्हणजे करंटला होणारा अडथळा असं समजा. दोन ८ ओहमचे स्पीकर एकाच टर्मिनलवर समांतर म्हणजे प्लस-प्लस आणि मायनस-मायनस जोडले की रिसीव्हरला ४ ओहम दिसतात, चार जोडले की २ ओहम. समजा अँप्लिफायर त्या क्षणी २० व्होल्ट देतोय, तर ८ ओहमला अडीच अँपिअर जातात, ५० वॅट. ४ ओहमला ५ अँपिअर, १०० वॅट. २ ओहमला १० अँपिअर, २०० वॅट. व्हॉल्यूमचं बटण तुम्ही हलवलेलंच नाही आणि मागितलेला करंट चौपट झाला. बहुतेक रिसीव्हर ६ किंवा फार तर ४ ओहमपर्यंतच चालतील असं मागच्या पॅनेलवर लिहिलेलं असतं. नशीब चांगलं असेल तर प्रोटेक्शन लागून तो बंद होतो, आणि लोक परत चालू करतात, परत बंद होतो, परत चालू करतात.

यावर उपाय आहेत आणि प्रत्येकाची काहीतरी किंमत आहे. सारखेच चार स्पीकर असतील तर दोन-दोन सिरीजमध्ये जोडून १६-१६ ओहम करायचे आणि त्या दोन जोड्या समांतर, झाले परत ८ ओहम. गणित सुंदर, पण एक स्पीकर बंद करता येत नाही, एकाची वायर तुटली की त्याचा जोडीदारही गेला, आणि स्पीकर वेगवेगळे असतील तर आवाज त्यांच्यात विचित्र विभागला जातो. दुसरं म्हणजे स्पीकर सिलेक्टर नावाचा डबा, खोल्यांची बटणं असतात, त्याच्या आत प्रोटेक्शनसाठी रेझिस्टर असतात म्हणून अँप्लिफायर वाचतो, पण बरीच ताकद त्या रेझिस्टरमध्ये गरम होण्यात जाते. पार्श्वसंगीताला चालतं, मनापासून ऐकणाऱ्याला नाही. तिसरं म्हणजे प्रत्येक खोलीत भिंतीवर इम्पीडन्स मॅचिंगचा व्हॉल्यूम कंट्रोल, आत ट्रान्सफॉर्मर असतो आणि एकूण किती जोड्या आहेत त्याप्रमाणे त्यातला जंपर २, ४ किंवा ८ वर लावायचा असतो, सगळ्या खोल्यांत सारखाच. जुनी पद्धत पण खोलीत शिरल्या शिरल्या हाताने फिरवायला गोल बटण मिळतं, फोन शोधावा लागत नाही, मला अजून आवडते.

पण सरळ सांगायचं तर तीन खोल्यांच्या पुढे गेलात की रिसीव्हरला त्याच्या हॉलमध्येच राहू द्या. वेगळा मल्टिझोन अँप्लिफायर येतो, बारा चॅनेलचा म्हणजे सहा खोल्या स्टिरिओमध्ये, एका जागी ठेवायचा आणि सगळ्या वायर तिथे आणायच्या, प्रत्येक खोलीला स्वतःचे दोन चॅनेल म्हणजे ओहमची कटकटच संपली. किंवा प्रत्येक खोलीला एक छोटा स्ट्रीमिंग अँप्लिफायर, जो वाय-फायवरून गाणं घेतो आणि दोन स्पीकर चालवतो. हा दुसरा रस्ता सोपा, टप्प्याटप्प्याने वाढवता येतो, पण एक बंधन आहे, एका कंपनीचं दुसऱ्या कंपनीशी जमत नाही. यामाहाचं म्युझिककास्ट, डेनॉनचं हिऑस, आपापल्या घरातच बोलतात. अ‍ॅपलचं एअरप्ले २, जे २०१८ ला आलं, ते वेगवेगळ्या कंपन्यांच्या डब्यांना एकत्र वाजवतं, म्हणून मिसळ करायचीच असेल तर सगळ्यांत ते आहे का बघा. फारच लांब अंतर आणि भरपूर स्पीकर, हॉटेल किंवा शाळेसारखं, असेल तर ७० किंवा १०० व्होल्टच्या लाइनवर ट्रान्सफॉर्मरवाले स्पीकर लावतात, घरात त्याची गरज सहसा पडत नाही.

आता वायर, जिच्यासाठी मी हे सगळं लिहायला घेतलं. वायरच्या जाडीचं गणित फार सोपं आहे आणि ते केलं की महागड्या केबलवाल्यांची निम्मी भाषणं ऐकावी लागत नाहीत. वायरचा स्वतःचा रेझिस्टन्स स्पीकरच्या ओहमच्या ५ टक्क्यांच्या आत ठेवायचा, बस. तांब्याची १ चौरस मिलिमीटरची एक मीटर तार साधारण ०.०१७२ ओहम असते. अंतर २० मीटर असेल तर करंट जातो आणि येतो म्हणून ४० मीटर धरायचे. दीड चौरस मिलिमीटरची वायर घेतली तर ४० मीटरला ०.४६ ओहम, म्हणजे ८ ओहमच्या पावणेसहा टक्के, किंचित जास्त. अडीचची घेतली तर ०.२८ ओहम, साडेतीन टक्के, एकदम ठीक. स्पीकर ४ ओहमचा असेल तर टक्केवारी दुप्पट होते, मग आणखी जाड. गेजमध्ये सांगायचं तर १६ गेज म्हणजे साधारण १.३ चौरस मिलिमीटर, १४ म्हणजे २.१, १२ म्हणजे ३.३, आकडा जितका लहान तितकी वायर जाड, हे उलटं आहे ते लक्षात ठेवा. एकाच खोलीतल्या दहा मीटरपर्यंतच्या कामाला १६ पुरे, दुसऱ्या खोलीत जायचं तर १४, त्याहून लांब १२.

त्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे वायर शुद्ध तांब्याची आहे का. सीसीए असं लिहिलेली वायर म्हणजे आत अ‍ॅल्युमिनियम आणि वरून तांब्याचा पातळ मुलामा, तिचा रेझिस्टन्स तेवढ्याच जाडीच्या तांब्याच्या दीडपट असतो, शिवाय वाकवताना पटकन तुटते आणि स्क्रूखाली दबून कालांतराने सैल होते. वर बघून ओळखायचं तर थोडी सोलून एक तार ब्लेडने खरवडा, आतून पांढरट निघाली की परत करा. आणि शुद्ध तांबं असलं की मग पुढे ऑक्सिजन-फ्री, चांदीचा मुलामा, बाण काढलेली केबल वगैरेसाठी वर पैसे देऊ नका, तेच पैसे सबवूफरमध्ये घाला. भिंतीतून जाणारी वायर मात्र भिंतीसाठीच बनवलेली घ्या, तिचं आवरण आगीच्या दृष्टीने वेगळं असतं.

वायर ओढताना प्रत्येक स्पीकरची वायर थेट एका ठिकाणी आणा, जिथे रिसीव्हर-अँप्लिफायर राहणार तिथे. एका स्पीकरवरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर असं करत नेलं तर वायर वाचते पण ते समांतर जोडणं झालं, वरचं ओहमचं रामायण परत सुरू. खोलीत भिंतीवर व्हॉल्यूम कंट्रोल हवा असेल, किंवा आज नको पण पुढे लागेल असं वाटत असेल, तर अँप्लिफायरपासून त्या स्विचच्या डब्यापर्यंत चार कोअरची, म्हणजे आत चार वेगळ्या तारा असलेली, एक केबल आणि तिथून प्रत्येक स्पीकरला दोन कोअरची. आणि त्याच डब्यात एक कॅट ६ नेटवर्क केबल टाका, टाकाच, तिथे उद्या टचपॅनेल येईल, स्ट्रीमिंगचा डबा येईल, काहीही येईल. शक्य असेल तिथे वायर मोकळी न पुरता पाइपातून न्या, म्हणजे पुढे नवीन ओढता येते, आणि पाइपात एक नायलॉनची दोरी सोडून ठेवा.

हॉलमध्ये आज ५.१ च लावणार असलात तरी छतातल्या दोन किंवा चार स्पीकरची वायर आत्ताच सोडा, फॉल्स सीलिंग बंद झाल्यावर ते काम नको होतं. सबवूफरसाठी दोन जागी शील्डेड कोअॅक्स केबल न्या, कारण सब कुठे चांगला वाजेल हे खोलीत ठेवून बघितल्याशिवाय कळत नाही. प्रत्येक टोकाला एक-दीड मीटर वायर गुंडाळून जास्तीची ठेवा, ती कधीच वाया जात नाही. दोन्ही टोकांना खोली आणि डावा-उजवा लिहा, आणि तेही पुसलं जाणार नाही असं, कारण पेंटर लोक कशावरही रंग मारतात. प्लास्टरच्या आधी भिंतीला मेजरिंग टेप लावून फोटो काढा, पुढे कोणी खिळा ठोकायला आलं की उपयोगी पडतात. आणि भिंत बंद व्हायच्या आधी मल्टिमीटरने प्रत्येक जोडी तपासा, एका टोकाला दोन तारा पिळून जोडायच्या आणि दुसऱ्या टोकाला जवळजवळ शून्य ओहम यायला हवेत, पीळ सोडला की काहीच नाही.

विजेच्या वायरबरोबर एकाच पाइपातून स्पीकरची वायर नेऊ नका. इलेक्ट्रिशियन म्हणेल काही होत नाही, पण आवरण कुठे सोललं गेलं तर मेन लाइनचा करंट थेट स्पीकरच्या टर्मिनलवर येईल, हा आवाजाचा नाही तर जिवाचा प्रश्न आहे. समांतर जायचंच असेल तर एक फूटभर अंतर ठेवा आणि ओलांडायचं असेल तर काटकोनात ओलांडा. गूं गूं असा आवाज स्पीकरच्या वायरपेक्षा सबच्या आणि प्री-आउटच्या केबलमध्ये जास्त घुसतो, कारण तिथला सिग्नल लहान असतो, म्हणून त्यांना आणखी लांब ठेवा.

जोडताना प्लस-मायनस पाळा, हे सगळे सांगतात, पण का ते सांगत नाहीत. एका स्पीकरचे उलटे जोडले तर तो वाजतो, काही बिघडत नाही, फक्त एकाचा पडदा पुढे येतो तेव्हा दुसऱ्याचा मागे जातो, जड आवाज एकमेकांना खातात आणि गायक मधोमध उभा असल्यासारखा न वाटता कुठेतरी हवेत पसरतो. भिंतीतल्या वायरची खूण सापडत नसेल तर रिसीव्हरकडचं टोक मोकळं करून दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवा, सेलचा प्लस ज्या तारेला लागल्यावर वूफर बाहेर ढकलला जातो ती प्लस. कोणीतरी स्पीकरजवळ उभं राहायला लागतं, तेवढंच. तारांचे सुटे केस टर्मिनलच्या बाहेर राहू देऊ नका, शेजारच्याला टेकले की शॉर्ट, त्यासाठी बनाना प्लग उत्तम. आणि काही जुन्या घरांत डाव्या-उजव्या स्पीकरला मायनसची एकच सामाईक तार ओढलेली असते, ती आजच्या बऱ्याच अँप्लिफायरना चालत नाही, विशेषतः क्लास डी (स्विचिंगवर चालणारे) किंवा ब्रिज्ड (दोन अँप्लिफायर मिळून एक स्पीकर चालवणारे) असतील तर, कारण त्यांची मायनसची बाजूही जिवंत असते. तिथे नवीन वायर ओढणं हाच उपाय.

किचन किंवा बाथरूममध्ये डावा-उजवा ऐकायला कोणी एका जागी बसत नाही, तिथे दोन व्हॉइस कॉइलचा, म्हणजे पडदा हलवणारी गुंडाळी दोनदा असलेला, एकच स्टिरिओ स्पीकर लावला तर दोन्ही चॅनेल त्यातूनच येतात आणि अर्धं गाणं गायब होत नाही. हॉल आणि शेजारची खोली एकाच गाण्यावर चालू असताना प्रतिध्वनीसारखं ऐकू येत असेल तर वायरला दोष देऊ नका, मुख्य झोनमध्ये व्हिडिओशी जुळवायला आवाज थोडा मागे ठेवलेला असतो आणि झोन २ मध्ये नसतो, त्यासाठी ऑल झोन स्टिरिओ नावाचा मोड बऱ्याच रिसीव्हरमध्ये असतो, तो लावून बघा. रिसीव्हर बंद कपाटात ठेवणार असाल तर वर आणि बाजूला बोटभर नाही, चांगली वीतभर जागा सोडा आणि मागे हवेला वाट, जास्त झोन म्हणजे जास्त उष्णता. आणि झोनच्या सेटिंगमध्ये जास्तीत जास्त व्हॉल्यूम आणि चालू होतानाचा व्हॉल्यूम असे दोन पर्याय असतात, ते दोन्ही पहिल्याच दिवशी भरून टाका, नाहीतर काल रात्री पार्टीत कोणीतरी वाढवून ठेवलेला आवाज सकाळी सहाला बेडरूमच्या छतातून येतो.